लाच इथे, खटला तिथे

कासार आंबोलीचा माझा एक मित्र गेल्या वर्षी हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीत लागला. घोटवडे फाटा, माण, मग फेज थ्री, असा रोजचा बाईकचा प्रवास. पहिल्या आठवड्यात कोडिंग वगैरे काही नाही, नुसती ऑनलाइन ट्रेनिंग्ज. त्यातलं एक लाचलुचपतीविरुद्धचं. पाऊण तास स्लाइड्स आणि शेवटी दहा प्रश्न. एक प्रश्न असा होता: ‘परवानगी लवकर देण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याने दिवाळीची भेट मागितली, तर तुम्ही काय कराल?’ पठ्ठ्याने बरोबर पर्यायावर टिक केलं आणि सर्टिफिकेट डाउनलोड केलं.

त्याच आठवड्यात तो वडिलांबरोबर जमिनीच्या एका नोंदीसाठी एका सरकारी कार्यालयात गेला. तिथे बाहेर बसलेल्या माणसाने नेहमीचं वाक्य टाकलं, “साहेबांचं बघा काहीतरी.” वडिलांनी बघितलं. परत येताना हा म्हणाला, “अण्णा, आमच्या कंपनीत असं केलं तर घरी बसवतात.” अण्णा गाडीवर मागून म्हणाले, “मग तुझ्या कंपनीला सांग, आपली नोंद लावून दे.”

किस्सा ऐकून आम्ही हसलो. पण ती पाऊण तासाची ट्रेनिंग येते कुठून? आपल्यापैकी निम्मे जण उद्या कॅम्पसमधून अशाच कंपन्यांत जाणार आणि स्लाइड न वाचता ‘नेक्स्ट’ दाबणार. त्या स्लाइड्सच्या मागे एक अमेरिकन कायदा आहे. गेल्या दीडेक वर्षात त्या कायद्याची जी गत झाली, तिचा पुण्याशी आणि मुंबईशी अगदी थेट संबंध आहे.

कायद्याचं नाव फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट, थोडक्यात एफसीपीए. साल १९७७. वॉटरगेटचा तपास चालू असताना अमेरिकन कंपन्यांच्या गुप्त खात्यांवर उजेड पडला आणि चौकशीत ४०० हून जास्त कंपन्यांनी संशयास्पद पैसे वाटल्याचं कबूल केलं. लॉकहीड या विमान कंपनीच्या लाचेपायी जपानच्या माजी पंतप्रधानांना अटक झाली होती. मग अमेरिकेने ठरवलं की आपल्या कंपनीने जगात कुठेही सरकारी माणसाला लाच दिली, तर खटला आपल्याकडे चालवायचा.

या कायद्याचे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असतो: लाच देऊ नका. खरा चावतो तो दुसरा. अमेरिकन शेअर बाजाराशी बांधलेल्या कंपनीने हिशेबाच्या वह्या खऱ्या ठेवल्या पाहिजेत. लाच दिली आणि वहीत ‘किरकोळ खर्च’ लिहिलं, तर ती खोटी नोंद हाच वेगळा गुन्हा. म्हणजे नोटा हातात पडताना कुणी पाहिलं नसलं तरी चालतं, वही सापडली की पुरे.

आता पुण्याकडे येऊ. कॉग्निझंट हे नाव तुम्हाला सांगायला नको. हिंजवडीत त्यांचं मोठं कॅम्पस आहे आणि प्लेसमेंटच्या यादीत ते नाव दरवर्षी दिसतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये या कंपनीने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाशी, म्हणजे तिथल्या ‘सेबी’शी, अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. नियामकाच्या आदेशातलं मुख्य प्रकरण चेन्नईचं होतं. तिथल्या कॅम्पसच्या बांधकाम परवानगीसाठी २०१४ मध्ये २० लाख डॉलरची मागणी झाली आणि ती ठेकेदारामार्फत भागवायची, असं वरून ठरलं. ठेकेदाराचे पैसे परत कसे करायचे? तर ‘जादा कामा’ची बिलं लावून. बांधकामात असं जादा काम नेहमीच निघतं, त्यामुळे बिल कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

त्याच आदेशात पुणेही आहे. इथल्या एका बांधकामाला पर्यावरण मंजुरी मिळावी म्हणून सुमारे ७ लाख ७० हजार डॉलर ठेकेदारामार्फत दिले गेल्याचं त्यात म्हटलंय. त्या काळच्या दराने साडेचार कोटींच्या आसपास. पर्यावरण मंजुरी म्हणजे काय, तेही सांगतो. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम असेल, तर ते सुरू करण्याआधी पाणी, सांडपाणी, कचरा, झाडं यांचा हिशेब देऊन राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. पावसाळ्यात आयटी पार्कचे रस्ते ओढ्यासारखे वाहतात, तेव्हा ‘इथे बांधायला परवानगी दिली कुणी?’ असं आपण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. त्या प्रश्नाचं उत्तर अशाच फायलींमध्ये असतं. (हा प्रकल्प पुण्यातला एवढंच आदेश सांगतो, म्हणून मी अमुक इमारत असं बोट दाखवणार नाही.)

हे बाहेर कसं आलं? भारतातल्या कुठल्याही यंत्रणेने शोधून काढलं नाही. कंपनीनेच आतून तपास केला आणि २०१६ मध्ये स्वतः अमेरिकन सरकारला जाऊन सांगितलं. बातमी फुटली त्या दिवशी शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला आणि कंपनीच्या अध्यक्षांनी पद सोडलं. स्वतःहून कबुली दिली म्हणून न्याय खात्याने कंपनीवर फौजदारी खटला केला नाही. पण माजी अध्यक्ष गॉर्डन कोबर्न आणि कायदा विभागाचे प्रमुख स्टीव्हन श्वार्ट्झ या दोघांवर न्यू जर्सीत आरोपपत्र दाखल झालं. दोघांनी आरोप नाकारले. कंपनीला सोडून साहेबांना धरलं, ही मोठी गोष्ट होती. नेहमी याच्या उलटं होतं.

खटला सहा वर्षं रेंगाळला. अखेर मार्च २०२५ ची तारीख पडली. त्याच्या तीन आठवडे आधी, १० फेब्रुवारी २०२५ ला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली: एफसीपीएखालची नवी प्रकरणं १८० दिवस थांबवा, जुनी तपासून बघा. कारण दिलं ते असं की या कायद्यामुळे जगाच्या बाजारात अमेरिकन कंपन्या मागे पडतात. सरकारी वकिलांनी एप्रिलच्या सुरुवातीला खटला मागे घेण्याचा अर्ज केला आणि ३ एप्रिलला न्यायाधीशांनी तो कायमचा बंद केला. कायमचा म्हणजे पुन्हा उघडता येणार नाही असा. साक्षीदार उभे राहिले नाहीत, उलटतपासणी झाली नाही. ते दोघं दोषी होते की निर्दोष, हे आता कोर्टात कधीच ठरणार नाही. आरोप असलेल्यांच्या दृष्टीनेही हे काही फार बरं नाही.

मला त्या आदेशात खटकते ती वेगळी गोष्ट. लाच कुणी दिली, कशी दिली, कुठल्या बिलातून परत केली, हे सगळं त्या कागदांत आहे. ती कुणी घेतली, त्याचं नाव नाही. असा कुणी माणूस नाहीच असं नव्हे. एफसीपीए हा देणाऱ्याला धरणारा कायदा आहे. घेणारा त्यांच्या दृष्टीने फक्त ‘एक सरकारी अधिकारी’. तो आपला प्रश्न आहे असं ते गृहीत धरतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने लाच मागणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांसाठीही एक कायदा केलाय, पण त्याचा धाक पुण्यातल्या टेबलापर्यंत पोचेल असं समजायला मी तरी तयार नाही.

मग आपण धरतो का घेणाऱ्याला? धरतो, पण कुणाला? पेपर उघडा, दर दोन-चार दिवसांनी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याची बातमी असते. पाच हजार घेताना अमुक, पंधरा हजार घेताना तमुक. महसूल आणि पोलिस ही दोन खाती वर्षानुवर्षं या यादीत वर असतात. सापळा कसा लागतो ते पाहा. आधी एक वैतागलेला माणूस १०६४ वर फोन करतो किंवा कार्यालयात जाऊन तक्रार देतो. मागणीची पंचांसमोर पडताळणी होते. नोटांना पावडर लावतात. साहेबांनी नोटा घेतल्या की पथक आत शिरतं आणि त्यांचे हात तपासले जातात.

ही यंत्रणा वाईट नाही. पण ती चालते तक्रारदारावर. अण्णांसारखा माणूस तक्रार करू शकतो, कारण त्याचा जीव जळालेला असतो. कंपनीच्या लाचेत जीव कुणाचा जळतो? देणाऱ्याला परवानगी मिळाली, घेणाऱ्याला पैसे मिळाले, ठेकेदाराचं बिल पास झालं. तिघंही खूश. नोटा नाहीत, पावडर लावायला जागाच नाही. जे आहे ते वहीत आहे आणि वही बघायला आपल्याकडचा सापळा जात नाही. आपली यंत्रणा हात धुवून बघते, अमेरिकेची वही वाचते. मोठी लाच वहीतच सापडते.

वहीवरून आठवलं, ही शब्दांची गंमत जगभर सारखीच आहे. आपल्याकडे चहापाणी, वजन, हात ओले करणं. लुई बर्जर या अमेरिकन बांधकाम सल्लागार कंपनीच्या वहीत ‘कमिटमेंट फी’, ‘मार्केटिंग फी’, ‘काउंटरपार्ट पर डायम’ असले शब्द होते. कंपनीने जुलै २०१५ मध्ये कबुली दिली की भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमध्ये मिळून ३९ लाख डॉलर लाच दिली, आणि १ कोटी ७१ लाख डॉलर दंड भरला. यातले सुमारे पावणेदहा लाख डॉलर गोव्यातले. जपानी कर्जातून होणाऱ्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्पाचं काम मिळवण्यासाठी ते दिले गेले.

गोव्याचं पुढचं मात्र वाचण्यासारखं आहे. न्यू जर्सीतली कबुली बाहेर येताच गोवा पोलिसांच्या गुन्हे शाखेने त्याच महिन्यात स्वतःचा गुन्हा नोंदवला आणि ऑगस्टमध्ये माजी सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना अटक केली. ते नंतर जामिनावर सुटले, आरोप त्यांना मान्य नव्हते. तिकडे अमेरिकेत कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला एक वर्ष आणि एक दिवस तुरुंगवास झाला. तिकडची कबुली इकडे धागा म्हणून वापरता येते, हे गोव्याने दाखवलं. त्या धाग्याचं शेवटी काय झालं, खटले किती लांबतात, हा वेगळा विषय आणि तो काही उत्साह वाढवणारा नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला असे धागे बरेच आले. डाऊ केमिकलची डी-नोसिल ही कीटकनाशकं बनवणारी कंपनी मुंबईची. २००७ मध्ये डाऊने सव्वातीन लाख डॉलर दंड भरला, कारण १९९६ ते २००१ या काळात डी-नोसिलने अंदाजे २ लाख डॉलर वाटल्याचं अमेरिकन नियामकाने म्हटलं होतं. त्यातले ३९,७०० डॉलर केंद्राच्या एका अधिकाऱ्याला, औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून. बाकीच्यात राज्यांच्या निरीक्षकांना दिलेली चिल्लर होती, एकेका वेळी १०० डॉलरपेक्षाही कमी. का? तर निरीक्षकाने नमुना खराब ठरवला की माल अडकतो. म्हणजे इतकी मोठी कंपनी अण्णांच्याच रांगेत उभी होती, फक्त तिला वहीत लिहावं लागलं आणि त्यातच ती सापडली.

सगळ्यात ताजं प्रकरण तर विराम उठल्यानंतरचं आहे. लिबर्टी म्युच्युअल ही बॉस्टनची विमा कंपनी. तिची भारतातली उपकंपनी मुंबईत आहे. २०१७ ते २०२२ या काळात या उपकंपनीने सहा सरकारी बँकांमधल्या अधिकाऱ्यांना सुमारे १४ लाख ७० हजार डॉलर दिले, कशासाठी? तर बँकेने आपले ग्राहक विम्यासाठी त्यांच्याकडे पाठवावेत म्हणून. वहीत नोंद? मार्केटिंग खर्च. गाडीचं किंवा शिक्षणाचं कर्ज घेताना टेबलापलीकडून “हा विमा पण करून घ्या” असं ऐकलंय ना कधी? सुचवणाऱ्याने कशामुळे सुचवलं, हे आपल्याला कळायचा मार्ग नसतो. कंपनीने स्वतः जाऊन कबुली दिली, तपासात मदत केली आणि कमावलेला नफा, सुमारे ४७ लाख डॉलर, परत केला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्याय खात्याने खटला न करण्याचं जाहीर केलं.

पण कायदा तर गुंडाळला होता ना? इथेच बहुतेकांची गल्लत होते. कायदा रद्द झालेला नाही, तो अमेरिकेची संसदच करू शकते. ९ जून २०२५ ला न्याय खात्याने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि कारवाई पुन्हा सुरू झाली, फक्त निवड बदलली. गुन्हेगारी टोळ्या आणि ड्रग कार्टेलशी संबंध आहे का, अमेरिकन कंपनीचा धंदा कुणी लाच देऊन हिरावला का, संरक्षण किंवा कळीच्या साधनसंपत्तीचा प्रश्न आहे का, हे आधी बघायचं. किरकोळ, नेहमीच्या व्यवहारांमागे धावायचं नाही. त्याप्रमाणे नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्वाटेमालातल्या टिगो या मोबाइल कंपनीच्या प्रकरणात ११ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली. त्यात ड्रग व्यापाराच्या पैशांचा धागा होता. २००८ मध्ये सीमेन्सने एकट्या अमेरिकेला ८० कोटी डॉलर दिले होते आणि २०२० मध्ये गोल्डमन सॅक्सच्या प्रकरणात आकडा २९० कोटींवर गेला होता, तो काळ मात्र सध्या ओसरलाय.

याच तत्त्वांमध्ये एक मुद्दा आपल्यासाठी आहे आणि भारतात त्यावर फारसं कुणी बोललं नाही. प्रकरण हाती घेताना अमेरिकन वकिलांनी हेही बघायचंय की ज्या देशात लाच दिली गेली, तिथली यंत्रणा स्वतः तपास करायला तयार आणि सक्षम आहे का. सोप्या मराठीत, तुमचं तुम्ही बघा.

युरोपने आपल्या परीने बघायला सुरुवात केलीय. ब्रिटनचा २०१० चा कायदा एफसीपीएपेक्षा कडक आहे; काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या चिरीमिरीला एफसीपीएत पळवाट आहे, ब्रिटनच्या कायद्यात तीही नाही. ट्रम्प यांच्या आदेशानंतर सव्वा महिन्यात ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या तपास यंत्रणांनी एकत्र कृती गट जाहीर केला. चाकणपासून पिरंगुटपर्यंत युरोपियन कंपन्या कमी नाहीत, त्यामुळे तिथल्या नोकरीतही ट्रेनिंगच्या स्लाइड्स सुटणार नाहीत.

आणि आपण? आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कंपनीवरही गुन्हा लागतो आणि लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था होती, असं सिद्ध केलं तर कंपनी सुटू शकते. कागदावर हे ब्रिटनच्या कायद्याच्या जवळ जातं. पण त्याच दुरुस्तीत १७-अ हे कलम आलं, अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी. रंगेहाथ पकडलं तर परवानगी लागत नाही. बघा, पुन्हा तेच. हातात नोटा असतील तर लगेच, फायलीवर सही असेल तर विचारून. पर्यावरण मंजुरी ही फायलीवरची सही असते.

दुसरी उणीव अशी की कॉग्निझंट किंवा लिबर्टीसारखं स्वतःहून जाऊन ‘आमच्याकडून झालं, हे पैसे, ही कागदपत्रं, ही नावं’ असं सांगणाऱ्या कंपनीला आपल्या कायद्यात सवलतीचा ठरलेला रस्ता नाही. सांगितलं तर अडकणार, गप्प बसलं तर निभावणार. अशा वेळी तुम्ही कंपनीचे संचालक असता तर काय केलं असतं? म्हणूनच त्या अमेरिकेत जाऊन बोलतात. पुण्याच्या लाचेची कबुली पुण्यात द्यायला कुणाला काही कारणच नाही. सौदेबाजीला माझा स्वतःचा थोडा विरोध आहे, पैसे भरून फौजदारी टळते हे न्याय्य वाटत नाही. पण निदान घेणाऱ्याचं नाव हातात पडतं, हे मान्य करावं लागतं.

आणि एक उलटी बाजूही आहे. पुण्याची एखादी कंपनी आफ्रिकेत पंप विकताना तिथल्या मंत्र्याला पैसे देऊन आली, तर? त्यासाठी २०११ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं. २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. विधी आयोगाने २०१५ मध्ये त्यावर अहवाल दिला. तसा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

तर मित्राच्या त्या स्लाइड्स. त्याने आता विचारलं, “अमेरिका ढिली पडली तर या ट्रेनिंग बंद होतील का?” मला वाटतं नाही. एफसीपीएच्या लाचेच्या गुन्ह्याला पाच वर्षांची मुदत असते आणि अमेरिकेत सरकार चार वर्षांनी बदलू शकतं. आज दिलेली लाच उद्याच्या सरकारच्या टेबलावर येऊ शकते, हे कंपन्यांचे वकील जाणतात. स्लाइड क्रमांक बावीसवर एक हॉटलाइन नंबर असतो, तो तेवढा सेव्ह करून ठेव म्हटलं. बिलात काही विचित्र दिसलं, मॅनेजर “साइटवरचं जादा काम, दाबून टाक” म्हणाला, तर आधी लेखी विचार. अमेरिकन नियामकाकडे परदेशी माणूसही माहिती देऊ शकतो आणि दंड दहा लाख डॉलरच्या वर गेला, तर त्यातला १० ते ३० टक्के वाटा माहिती देणाऱ्याला मिळू शकतो.

“आणि अण्णांचं?” तो म्हणाला. अण्णांसाठीही कलम आहे. जबरदस्तीने लाच द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं. मग देणाऱ्यावर गुन्हा नाही. त्याने बोटं मोजली. त्याच्या नोंदीला तेव्हा सात महिने झाले होते, आणि ती अजून लागायची होती.